मॅट्रिक ते कॉलेज : मधल्या वाटेचा इतिहास

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे आणि तीत शिक्षणावर एक लेख असावा, असे मंडळाच्या बैठकीत ठरले. ते काम माझ्याकडे आले. शिक्षणावर आपल्या स्मरणिकांतून लेख काही कमी आलेले नाहीत. परंतु बहुतेक लेखांची चाल ठरलेली असते. संस्था अमुक साली स्थापन झाली, कॉलेज तमुक साली निघाले आणि मग एकदम आजचे डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर. मधला भाग गळून जातो. मॅट्रिक झालेलं पोरगं कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचलं कसं, आत गेल्यावर टिकलं कसं, त्याच्या जेवणाचं, दिव्याचं, इंग्रजीचं आणि फॉर्म भरण्याचं कोणी पाहिलं, हा तो मधला भाग. ज्या घरात आईबापांनी शाळेची पायरी चढलेली नाही, त्या घरातील मुलाला फी ही एकच अडचण नसते. उलट कित्येकदा फी माफ होते आणि तरीही मूल घरी परत येते. प्रस्तुत लेखात या मधल्या वाटेचा थोडक्यात मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सुरुवात खुद्द बाबासाहेबांपासूनच करावी लागेल. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या टक्केवारीच्या हिशेबाने पाहणाऱ्याला हे गुण थोडे वाटतील. पण ते कुठे बसून मिळवले ते पाहा. लोअर परळच्या डबक चाळीतली एकच खोली. तीच स्वयंपाकाची, तीच निजण्याची, तीच अभ्यासाची. जळणही तिथेच आणि शेळीही तिथेच. सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागत बसत आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवत, कारण त्याच वेळी खोलीत शांतता असे. पुस्तकांसाठी पैसे हवे असले की सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे, मंजुळा आणि तुळसा यांच्याकडे जात, त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. दोघा मुलांना शिकवणे झेपेना तेव्हा थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून कामाला लागावे लागले. म्हणजे एका मुलाच्या मॅट्रिकमागे बापाची झोप, बहिणींचे दागिने आणि भावाची शाळा एवढे भांडवल पडले होते. आपल्या अनेक घरांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

पण एवढ्यानेही कॉलेज झाले नसते. इथे कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींचे नाव घ्यावे लागते. केळुस्कर विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. म्हणजे बाबासाहेब त्यांच्या शाळेचे विद्यार्थी नव्हते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो हे त्यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्याची चौकशी केली. मॅट्रिक झाल्यावर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली जो सत्कार झाला, त्यात केळुस्करांनी आपले ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ हे पुस्तक त्यांना भेट दिले. ही हकीकत आपण दर बुद्धपौर्णिमेला सांगतो आणि ती सांगितलीच पाहिजे. मात्र तिचा दुसरा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही. पुढे पैशांअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा याच केळुस्करांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द पोहोचवला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराजांकडे कसे जायचे, कोणाला भेटायचे, काय बोलायचे, हे चाळीतल्या घराला कुठून ठाऊक असणार? ते ठाऊक असणारा माणूस शेजारी उभा राहिला. कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. बाबासाहेब १९१२ साली बी.ए. झाले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले.

पुस्तकाच्या भेटीने पुढे काय घडवले ते जगाने पाहिले. पण त्या शब्द टाकण्याचेही मोल तेवढेच आहे, असे मला वाटते.

आता १९२७ साल पाहू. बाबासाहेब तेव्हा मुंबई विधिमंडळात नियुक्त सभासद होते. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणखात्याच्या अनुदानावर त्यांनी जे भाषण केले, ते प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल झाली तर चौथीपर्यंत केवळ अठरा पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जमा होतात, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. मग ते उच्च शिक्षणाकडे वळले. प्रत्येक दोन लाख लोकसंख्येमागे कॉलेजात किती विद्यार्थी? प्रगत हिंदूंमध्ये १०००, मुसलमानांमध्ये ५२, मधल्या जातींमध्ये १४ आणि मागास वर्गाच्या रकान्यात जवळजवळ शून्य. आकडे मांडताना त्यांचा आवाज चढलेला नाही. त्या शून्यापुढे आवाज चढवण्याची गरजही नव्हती.

याच भाषणात त्यांनी एक गोष्ट मांडली, जी आजही पुष्कळांना पटकन पचत नाही. मागासलेल्या मुलांना सरकार ज्या शिष्यवृत्त्या रोख देते, त्या एका अर्थाने वाया जातात, असे ते म्हणाले. कारण उघड होते. बाप इतका गरीब की ती रक्कम घरखर्चात जाते. मुलाच्या वाट्याला ना दिवा येतो ना पुस्तक. त्यापेक्षा तेच पैसे वसतिगृहांना द्यावेत, मग ती सरकारने काढलेली असोत वा खाजगी संस्थांनी. वसतिगृहात मूल अभ्यासाला विपरीत असलेल्या वातावरणातून बाहेर येते आणि त्याच्यावर कोणाची तरी देखरेख राहते, असा त्यांचा युक्तिवाद होता. विचार करा, स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेला माणूस हे बोलतो आहे! इथे शिष्यवृत्तीला विरोध आहे असे कोणी समजू नये. लहान वयातल्या, शाळेतल्या मुलाला आधी जागा हवी, ताट हवे आणि ‘अरे, आज अभ्यासाला का बसला नाहीस?’ असे विचारणारे कोणी हवे, एवढाच त्याचा अर्थ आहे. डबक चाळीत ते काम रामजींनी केले. ज्याच्या घरी रामजी नाहीत त्याचे काय, हा प्रश्न होता.

वसतिगृहाची कल्पना काही नवी नव्हती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहे उभी केली होती आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या १९०६ च्या मिशननेही मुंबई-पुण्यात शाळा आणि वसतिगृहे चालवली. सातारला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवणारे वसतिगृह सुरू केले. या सर्वांचे ऋण मान्य केले पाहिजे. फरक पडला तो वसतिगृह चालवणारे हात बदलले तेव्हा. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. म्हणजे १९२७ च्या भाषणामागे दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव होता. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिले. बाकी भार लोकवर्गणीवर. या वसतिगृहातील मुले ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढत. ज्यांच्या घरात कागदाचा कपटा नव्हता ती मुले मासिक काढत होती! बाबासाहेबांच्या कामातला हा बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. नुसते खायला-राहायला देऊन ते थांबत नसत. वाचायचे, लिहायचे, चर्चा करायची हा रोजच्या दिवसाचाच भाग असे. मुंबईत त्याच सुमारास मोफत वाचनालय निघाले आणि तरुणांना जुगार-दारूपासून दूर ठेवण्यासाठी हॉकी क्लबही.

जून १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने माध्यमिक शाळेतील दलित विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहे मंजूर करून त्यांची व्यवस्था या संस्थेकडे सोपवली. अनुदान अपुरे. भाडे, धान्य, स्वयंपाकी, कंदिलाचे तेल या सगळ्याची तोंडमिळवणी करता करता चालकांच्या नाकी नऊ येत. गावोगाव आपल्याच लोकांनी पायलीने धान्य द्यावे, लग्नात दोन रुपये बाजूला काढून वसतिगृहाला पाठवावेत, असा तो काळ. ज्यांनी दिले त्यांची नावे कुठल्या शिळेवर कोरलेली नाहीत.

शाळेपुरते हे ठीक. कॉलेजचे काय? तिथे खर्चाचा आकडाच वेगळा होता. बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक सविस्तर निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तांत्रिक विषय शिकणाऱ्यांसाठी शिष्यवृत्त्या आणि परदेशी शिक्षणासाठी रक्कम, या मागण्या ठळकपणे होत्या. अखेर केंद्र सरकारने वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद केली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज मुले ज्याला ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतात तिचे मूळ हे. १९२७ मध्ये वसतिगृह आणि १९४२ मध्ये शिष्यवृत्ती, यात कोणाला विसंगती वाटेल. मला वाटत नाही. वय बदलले की गरज बदलते. चौथीतल्या पोराला देखरेख हवी, तर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेची फी हवी. पैसा कुठे पोहोचतो आणि कुठे पोहोचत नाही, हे ते दर वेळी तपासून पाहत.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सुरुवातीला मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत, पुढे फोर्टात. कॉलेज सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले होते. या कॉलेजची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, असे मला विचाराल तर मी वेळापत्रक म्हणेन. कॉलेज सकाळी भरे. कारण मुंबईत आपला मॅट्रिक झालेला तरुण रिकामा नव्हता. तो कुठे कारकून, कुठे शिपाई, कुठे रेल्वेत, कुठे गोदीत होता. नोकरी सोड आणि शिक, असे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण त्याच्या पगारावर गावाकडची चूल पेटत होती. सकाळी लेक्चर, मग नोकरी, रात्री चाळीच्या गॅलरीत अभ्यास. ज्यांचे मॅट्रिकच राहून गेले होते त्यांच्यासाठी सिद्धार्थ रात्रशाळा निघाली. पुढे १९५३ साली कॉमर्सचे आणि १९५६ साली कायद्याचे कॉलेज झाले. विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरे, वादविवाद होत. ग्रंथालयाकडे तर बाबासाहेबांचे जातीने लक्ष. आपल्या वस्तीतल्या जुन्या पिढीतील कितीतरी मंडळी अशीच ‘मॉर्निंग कॉलेज’ करून पदवीधर झाली आणि पदवीच्या समारंभालासुद्धा हाफ डे टाकून गेली.

मराठवाड्याची गोष्ट याहून अवघड होती. निजामाच्या राजवटीत वरच्या वर्गांतून शिकवण्याची भाषा उर्दू. म्हणजे पोराने घरी मराठी बोलायचे, हायस्कुलात उर्दूतून गणित-भूगोल शिकायचा आणि जोडीला इंग्रजी. तीन भाषांचे हे डोंगर चढून जायचे, तेही गावात शाळा असली तर. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतर दोनच वर्षांत, जून १९५० मध्ये, बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केले. त्या वेळी ते केंद्रात कायदामंत्री होते. संविधान नुकतेच लागू झाले होते आणि हिंदू कोड बिलाची लढाई चालू होती. इतक्या धामधुमीत मुंबई-पुणे सोडून या मागासलेल्या भागात कॉलेज काढण्याचा निर्णय त्यांनी घेतला. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेज उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले होते, कारण मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ व्हायला अजून १९५८ साल उजाडायचे होते.

परिसराला नाव दिले नागसेनवन आणि कॉलेज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. ही नावे शोभेची नाहीत. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तर देतो. राजा आडवेतिडवे विचारतो, दाखले मागतो, समाधान झाल्याशिवाय सोडत नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे प्रश्न विचारण्याची बंदी होती, त्या समाजाच्या पोरांच्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव मिळाले. गुरूचे नाव झाडांना आणि शिष्याचे नाव कॉलेजला, हेही लक्षात घ्यावे.

नागसेनवनात वसतिगृह आणि कॉलेज एकाच आवारात आले. खेड्यातून आलेला मुलगा संध्याकाळी परत त्याच घरगुती विवंचनेत जात नव्हता. लेक्चर कळले नाही तर प्राध्यापक हाकेच्या अंतरावर. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखी माणसे तिथे लाभली. तेच ‘युगयात्रा’ या नाटकाचे लेखक. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त छळते ती लाज. इंग्रजी येत नाही याची लाज, कपड्यांची लाज, मेसमध्ये कसे वागायचे याची लाज, प्राध्यापकाला काही विचारायची लाज. जिथे शेजारच्या खाटेवरचा मुलगाही तसाच आलेला असतो, तिथे ही लाज अर्धी होते. नुसत्या शिष्यवृत्तीने हे होत नाही. १९५५ साली आवारातच मिलिंद हायस्कूल सुरू झाले. म्हणजे कॉलेजची तयारी कॉलेजच्या कुंपणातच, शाळेपासून. शाळा, वसतिगृह, कॉलेज अशी सलग वाट तयार झाली आणि माझ्या मते नागसेनवनाचे खरे यश या सलगपणात आहे.

फळ काय मिळाले ते साहित्याच्या अभ्यासकांना विचारा. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, मिलिंदमध्ये प्राचार्य झाले आणि तिथल्या काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख त्यांनी आपल्या पोरांना करून दिली. डॉ. गंगाधर पानतावणे तिथेच शिकवत. १९६७ साली तिथून जे नियतकालिक सुरू झाले ते पुढे ‘अस्मितादर्श’ म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. सोलापूरच्या वसतिगृहातल्या ‘सरस्वती विलास’ची आठवण इथे होते. मुंबईत वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह असेच. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिथल्या खोल्यांतून रात्र रात्र चर्चा झडत. दोन वेळचे जेवण, एक खाट आणि बरोबरीचे चार मित्र मिळाले की पोरं काय करू शकतात, ते या दोन ठिकाणी दिसले.

मुलींची वाट मात्र अधिक काट्यांची. वसतिगृहे निघाली ती बहुतेक मुलांची. मुलीला परगावी ठेवायला घर तयार नसे आणि ठेवायचे म्हटले तरी जागा नसे. नाशिकला शांताबाई दाणी यांनी रमाबाई आंबेडकर विद्यार्थिनी वसतिगृहासाठी आयुष्याची वर्षे दिली. त्यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ हे आत्मकथन मुलींनी वाचावे. नागपूरच्या कुमुद पावडे संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या. ज्या भाषेचा वर्ग बाबासाहेबांना शाळेत नाकारला गेला आणि फारशी घ्यावी लागली, तीच भाषा. पदवी मिळाल्यावरही नोकरीसाठी त्यांना किती उंबरे झिजवावे लागले ते त्यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये लिहिले आहे. आजही आपल्या वस्तीत मुलगा बारावीनंतर पुण्याला जातो आणि बहीण ‘इथलंच कॉलेज बरं’ म्हणून राहते. यावर स्मरणिकेत लिहून भागणार नाही, घरात बोलावे लागेल.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एक नवाच पेच उभा राहिला. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून बौद्ध बाहेर पडले. झोपडी तीच, मजुरी तीच, गावाची नजर तीच, पण कागदावरची ओळख बदलली. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले तेव्हा राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती लागू केल्या. त्यामुळे राज्यापुरता श्वास घेता आला. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला मात्र १९९० साल उजाडले. ३४ वर्षे! या काळात कित्येक घरांतून ‘दाखल्यावर काय लिहायचे’ यावर बापलेकांचे वाद झाले. कोणाला दोष द्यावा? ज्याने पोराच्या फीसाठी जुनी जात लिहिली तोही बापच आणि ज्याने ‘बौद्ध’च लिहीन म्हणून सवलत सोडली तोही बापच. या दोघांच्या घालमेलीचा इतिहास कोणीतरी नीट लिहिला पाहिजे.

कागदाचा हा पिच्छा अजून सुटलेला नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा तर जात पडताळणी प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी अनुसूचित जातींच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. त्यात वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला सर्वांत सोपा. पण आजोबांना शाळेत कोणी घेतलेच नव्हते, म्हणून तर नातू पहिल्या पिढीचा! मग कोतवाल बुकाची नक्कल शोधायला तहसील कचेरीत खेटे घालायचे. नोंद मोडीत असली तर ती वाचणारा शोधायचा. हे सगळे बारावीच्या वर्षात, परीक्षा तोंडावर असताना. २०१८ पासून शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन गेले. सोय झाली हे खरे, पण ज्याच्या आईचा मोबाइल नंबर बदलला आणि आधार बँकेला जोडलेले नाही, त्याचा अर्ज अडकतो आणि का अडकला हे सांगायला समोर माणूस नसतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. तिचीही मुदत कधी सुरू होते आणि कधी संपते, हे वस्तीत बहुतेकांना मुदत संपल्यावर कळते.

या काळात केळुस्कर गुरुजींचे काम करणारे कोणी आहेत का? आहेत. वर्ध्याला अनुप कुमार यांनी २०१३ साली नालंदा अकॅडमी सुरू केली. खेड्यापाड्यातील मुलामुलींना राहण्याची सोय देऊन देशातल्या मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांची तयारी तिथे करून घेतात. यवतमाळला राजू केंद्रे यांनी २०१७ साली एकलव्य ही संस्था काढली. ते स्वतः भटक्या समाजातून आलेले, घरातले पहिले पदवीधर. कोणते विद्यापीठ, कोणता अभ्यासक्रम, फॉर्म कधी निघतो, मुलाखतीत काय विचारतात, ही माहिती ते गावागावांत जाऊन देतात. ज्यांना ही माहिती पिढीजात मिळते त्यांना तिची किंमत कळत नाही. आपल्या पोरांना मात्र दिल्ली-हैदराबादच्या विद्यापीठाचा फॉर्म निघतो हेच ठाऊक नसते, तिथे गुणवत्तेचा प्रश्न येतोच कुठे?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा, असे आवाहन अलीकडे होते आणि लोक आणतातही. चांगली गोष्ट आहे. वहीबरोबर माणसाचे दोन तास आणले तर आणखी चांगले. अनेक ठिकाणच्या विहारांतून अभ्यासिका चालतात. काही उत्तम चालतात. काही ठिकाणी मात्र अभ्यासिका म्हणजे दहा खुर्च्या, एक पंखा आणि भिंतीवर नियमांची पाटी. देखरेखीला कोणीच नाही. १९२७ च्या भाषणात वसतिगृहाची जी दोन कामे सांगितली आहेत त्यातले दुसरे इथे राहून जाते.

आपल्या विहाराचा हॉल रविवारची वंदना सोडली तर आठवडाभर संध्याकाळी बंदच असतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की जूनअखेरपर्यंत तो रोज सहा ते नऊ उघडा ठेवता येईल. वस्तीतले नोकरदार, शिक्षक आणि कॉलेजात शिकत असलेली मोठी मुले यांनी पाळी लावून दोघा-दोघांनी बसावे. टेबल आहे, वीज आहे, इंटरनेटची सोय करता येईल. ज्यांची मुले यंदा दहावी-अकरावीत आहेत त्यांनी जात पडताळणीचे जुने कागद आत्ताच शोधायला घ्यावेत आणि आजोबांच्या गावाचे नाव, तालुका, जुना जिल्हा लिहून आणावा. उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि आधार जोडलेले बँक खाते यांची यादी विहाराच्या फलकावर लावण्याचे काम मंडळाच्या चिटणीसांनी पत्करले आहे. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ आपल्याच वस्तीत राहतात. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. गुरुवार आणि शनिवार संध्याकाळी ते बसतील.